खंडेनवमीचा पाचवा हार

बाजारात झेंडूचे ढीग लागले आणि खंडेनवमी दोन दिवसांवर आली की आजही माझी मिशी आपोआप वर जाते. बायको लगेच ओळखते. म्हणते, "आला वाटतं तुमचा नारळवाला डोळ्यांसमोर." खरंच येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका साध्या वसुलीच्या प्रकरणाने मला जेवढा आनंद दिला तेवढा एकाही बक्षिसाने दिला नाही. लाजही त्याच प्रकरणाने आणली. लाजेचं आधी सांगतो, कारण सुरुवात तिथून होते.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. जळगावात औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. माझा स्वभाव तापट. सकाळी टपाल बघताना मध्ये कुणी बोललेलं मला खपत नसे. अशाच एका सकाळी साठीकडे झुकलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. हातांच्या रेषांत काळं तेल मुरलेलं, अंगात धुतलेला पण डाग न निघालेला सदरा. मेहरूणमध्ये राहायचा. यंत्र दुरुस्तीत त्याचा हात धरणारा वसाहतीत दुसरा नव्हता, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

उस्तादने एका चटई कारखानदाराचे चार लूम, म्हणजे प्लास्टिकची चटई विणणारे माग, मुळापासून नवे करून दिले होते. दातेचक्र, शाफ्ट, तो ज्यात फिरतो ते पितळी बुश, सगळं स्वतःच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर केलेलं. त्या कामाचा माल आणायला पैसे नव्हते, म्हणून तीच लेथ त्याने भुसावळच्या एका यंत्र व्यापाऱ्याकडे तारण ठेवली. काम झाल्यावर कारखानदाराने, त्याला शेठ म्हणू, उस्तादच्या तोंडाला पानं पुसली. उस्ताद कोर्टात गेला. सात वर्षं तारखा झाल्या आणि शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला. शेठने मजुरीची सगळी रक्कम व्याजासह द्यावी, असा हुकूमनामा झाला. शेठने अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत.

उस्तादने तो हुकूमनामा प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतला होता. तो त्याने माझ्या टेबलावर, बरोबर टपालावर ठेवला.

"साहब, कोर्टाने सांगितलंय, पैसे द्या. तो देत नाही. आता तुम्ही सांगा त्याला."

मी कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "ही दिवाणी बाब आहे. पोलिसांचा संबंध नाही. कोर्टात जा."

"कोर्टातूनच आलो, साहब."

"मग परत जा!"

तो गेला. काही महिन्यांनी पुन्हा आला, तेव्हाही मी त्याला हेच ऐकवलं. कायद्याने मी चूक नव्हतो. पण खुर्चीवर बसवून दोन मिनिटांत सांगता आलं असतं की बाबा, निकाल लागला म्हणजे वसुली झाली असं नसतं, वसुलीसाठी कोर्टात वेगळी दरखास्त द्यावी लागते. बिचारा वर्षभर वाट बघत बसला, की कोर्टाचा माणूस शेठकडून पैसे घेऊन आपल्या दारी येईल. वकिलाकडे पुन्हा जायला त्याच्याकडे फी नव्हती. हे मला फार नंतर कळलं.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातले, बोलणं अहिराणी, नोकरीत माझ्याहून जुने. त्यांना आम्ही नाना म्हणायचो आणि मीही त्यांना अहोजाहोच करायचो. दुसऱ्यांदा उस्ताद गेला तेव्हा नाना दारात उभे होते. नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा मला राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

पुढे उस्तादने उसनवारी करून दरखास्त दाखल केली. कोर्टाने शेठला मालमत्तेची यादी शपथेवर मागितली. त्याचा राहता बंगला पत्नीच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर. नावावर काय, तर कारखान्यातले तेच चार लूम. कोर्टाने लूमच्या जप्तीचं वॉरंट काढलं आणि बेलीफ बंदोबस्त मागायला ठाण्यात आला. बुधवारची तारीख ठरली. बेलीफच्या मागे उस्ताद उभा होता. या वेळी मी त्याला बसा म्हणालो.

तो म्हणाला, "साहब, भुसावळवाल्याने दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. नंतर लेथ विकून टाकणार. माझी लेथ आहे म्हणून मी उस्ताद. नाहीतर मी कोण? दुसऱ्याच्या दुकानात रोजावर आहे, तिथे मला चाचा म्हणतात."

ते ऐकून मला पहिल्यांदा आत काहीतरी टोचलं.

बुधवार उजाडायच्या आधी मंगळवार आला. सकाळी दहाला शेठ स्वतः ठाण्यात हजर. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, डोळे लाल. म्हणाला, "साहेब, लुटलो गेलो! दोन दिवस सुटी होती. आज शटर उघडतो तर चारही लूम गायब!"

फिर्याद आली की गुन्हा दाखल करावाच लागतो. अर्ध्या तासात आम्ही चोरीचा गुन्हा नोंदवला, त्याला फिर्यादीची प्रत दिली, वर चहा पाजला. लॅमिनेट कागद घेऊन आलेल्या माणसाला मी दोनदा उभ्याउभ्या परत पाठवलं होतं, आणि ज्याने त्याला बुडवलं त्याला माझ्याच ठाण्यात खुर्ची, पंखा आणि चहा मिळाला होता.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. शेड मोठी, आत काही नाही. जमिनीत फाउंडेशन बोल्ट तेवढे उभे. आजवर लोखंडाच्या चोऱ्या पुष्कळ पाहिल्या होत्या. चोर घाईत असतो, गॅस कटरने कापतो, ओढतो, फरशी फोडतो. इथे एकही बोल्ट कापलेला नव्हता. पान्ह्याने खोललेले नट एका डब्यात नीट भरून ठेवलेले आणि फरशी लख्ख झाडलेली.

नाना माझ्या कानाशी आले. "साहेब, चोर काय झाडू मारीसन जातस का? हाई बठ्ठं खोटं शे."

"सगळं खोटं आहे हे मलाही दिसतंय, नाना. हळू बोला."

मला अजून एक गोष्ट दिसली. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याखाली वहीएवढा चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा. खिळ्याला सुकलेल्या हाराचा दोरा अडकलेला.

"इथे काय होतं, शेठ?"

"वडिलांचा फोटो. त्यांनीच कारखाना काढला होता."

"चोरांनी फोटोपण नेला?"

शेठ किंचित अडखळला. "नाही नाही... तो मी घरी नेला होता. मागेच."

बुधवारी बेलीफ आला, रिकामी शेड बघून 'जप्तीयोग्य माल मिळून आला नाही' असा अहवाल लिहून हात हलवत परत गेला. उस्ताद मात्र तिथेच थांबला. एकेका बोल्टजवळ बसून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आधी तेल सोडलंय, साहब. रात्रभर मुरू दिलंय आणि मग खोललंय. ज्याने खोललं त्याला लूम पुन्हा लावायचे आहेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जप्ती चुकवायला या माणसाने माझं ठाणं वापरलं होतं, माझा शिक्का वापरला होता. बरं, पुरावा म्हणावा तर काय होता? एक झाडलेली फरशी आणि एक रिकामा खिळा.

माग लागला तो नानांमुळे. वसाहतीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिथे हायड्रा चालवणारा, म्हणजे अवजड यंत्रं उचलायची क्रेन चालवणारा एकजण रोज बसायचा. नानांनी त्याला चहा सांगितला आणि शेठच्या चोरीबद्दल हळहळ व्यक्त केली. तो फटकन म्हणाला, "कसली चोरी? सुटीच्या दुपारी मीच भरून दिले की चारही लूम ट्रेलरमध्ये! भाडं मागितलं तर म्हणतो, पुढच्या महिन्यात ये. माझं डिझेल काय पुढच्या महिन्यात येतं?"

बघा आता. शेठने क्रेनवाल्याचं भाडं दिलं असतं तर तो कदाचित जन्मात बोलला नसता. पण न देणाऱ्याचा हात कुणालाच देत नाही, ही सवयच असते. ट्रेलर कुठे गेला ते मात्र त्याला माहीत नव्हतं. धरणगावच्या रस्त्याला लागला, एवढंच त्याने पाहिलं होतं. ट्रेलर गुजरातचा, चालक सापडेना. धरणगावच्या पुढे अमळनेर, शिरपूर, नरडाणा, धुळे, कुठेही शेड भाड्याने मिळते. प्रत्येक शटर उघडून बघायला आम्हाला कुणी परवानगी दिली असती?

मी शेठला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. तो फिर्यादी, म्हणजे आमचा पाहुणाच. गोड बोलून विचारायचं होतं आणि गोड बोलणं मला जमत नाही. टेबलाखाली मुठी आवळून बसलो.

"शेठ, लूम ओळखू कसे येतील? काही खूण?"

"नंबरच्या पट्ट्या आहेत, साहेब."

"त्या काय, चोर काढून टाकतात. दुसरं काही?"

त्याने मान हलवली. मी म्हणालो, "जुने होते ना? भंगारातच गेले असतील म्हणा."

हे त्याला झोंबलं. माणसाला खोटं बोलताना पकडायचं असेल तर ज्याच्यावर त्याचं खरं प्रेम आहे त्याला नावं ठेवावीत, हे मी नोकरीत शिकलो. तो ताडकन बोलला, "भंगार? साहेब, पहिला लूम वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलाय! लक्ष्मी आहे ती आमची. वडील गेले त्या वर्षीही खंडेनवमीला पूजा चुकली नाही. मी तापाने फणफणलो होतो तरी गेलो होतो."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले आणि ते पाणी खरं होतं. मी त्याला क्रेनवाल्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर लूम दुसऱ्या दिवशी आणखी लांब गेले असते. उठून हात मिळवला आणि म्हणालो, "शोधून काढू, शेठ." तो गेल्यावर मी पेपरवेट भिंतीवर फेकून मारला. नानांनी तो उचलून परत टेबलावर ठेवला.

दिवस जात होते. उस्ताद एक दिवसाआड यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा आणि निघून जायचा. गणपती गेले, पितृपक्ष गेला, घटस्थापना झाली. बाकावरचा तो माणूस बघून मला जेवण गोड लागेना. दिवाळी तोंडावर येत होती.

अष्टमीच्या दुपारी ठाण्यात आमची तयारी चालू होती. खंडेनवमीला शेतकरी अवजारं पूजतो, कारागीर हत्यारं पूजतो, तशी आम्ही शस्त्रं पूजतो. रायफली शस्त्रागारातून काढून, तेलपाणी करून ओळीने लावल्या होत्या. नाना मोजत होते. एक जुनी, कामातून गेलेली मस्केट बंदूक एका शिपायाने आतच ठेवली होती. नाना त्याच्यावर खेकसले, "तिलेबी आण! तिनी पूजा कोन करी मग?"

मी चहाचा कप तसाच हातात धरून राहिलो.

"नाना, शेठच्या लूमची पूजा उद्या कोण करणार?"

नाना माझ्याकडे वळले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "खंडेनवमीले तो घर बसाव नही, साहेब."

बेत तिथेच ठरला. नवमीच्या सकाळी नाना साध्या कपड्यांत, एका शिपायाच्या मोटरसायकलवर मागे बसून शेठच्या घराच्या कोपऱ्यावर उभे राहिले. मी ठाण्यात शस्त्रपूजन उरकलं. गुलाल अजून कपाळावर होता तोच फोन वाजला.

"साहेब, शेठ नि शेठाणी गाडीतून निघाले. फुलबाजारात थांबले. नारळ घेतले आणि हार घेतले. पाच हार."

"पाच? लूम तर चार आहेत!"

"तेच म्हटलं. पाचवा कोणाले?"

माझ्या डोळ्यांसमोर तो पांढरा चौकोन आला. ओरडलोच मी, "नाना, बापाचा फोटो! सोडू नका त्याला!"

सरकारी जीप ओळखू आली असती, म्हणून एका अंमलदाराची खासगी गाडी घेतली. वाटेत मेहरूणला उस्ताद ज्या दुकानात रोजावर होता तिथे थांबलो. तिथल्या पोरांनी यंत्रांना फुलं वाहिली होती आणि हा कोपऱ्यात पेढा खात उभा होता. "हातातलं सोड आणि बस गाडीत," म्हणालो. तो पेढ्यासकट बसला. लॅमिनेट कागद त्याच्या पिशवीत होताच. कधी नव्हता?

शेठची गाडी धरणगाव, अमळनेर करत पुढे निघाली. नाना दर पंधरा मिनिटांनी फोनवर. अमळनेरच्या पुढे त्यांच्या मोटरसायकलचा टायर बसला. पण तोवर आम्ही मागे पोहोचलो होतो. नाना धावतच आमच्या गाडीत शिरले, धापा टाकत. दुपारच्या सुमारास शेठ नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वळला आणि एका टोकाच्या शेडसमोर थांबला. शटर अर्धं वर झालं आणि दोघं आत गेले.

मला सरळ आत घुसायचं होतं. नानांनी दंड धरला. ती हद्द आमची नव्हती. स्थानिक ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीला नोंद केली, त्यांचे दोन कर्मचारी घेतले, चहाच्या हॉटेलातून दोन पंच उचलले. पळवाट ठेवायची नव्हती. परत आलो तेव्हा आत घंटी वाजत होती.

"नारळ फुटू द्या, साहेब," नाना कुजबुजले. "पूजा शे. मधी नको."

माझ्या तापट डोक्यालाही ते पटलं. आम्ही अर्ध्या शटरबाहेर उन्हात उभे राहिलो. आरती झाली. नारळ फुटल्याचा आवाज झाला. मग मी वाकून आत शिरलो.

चारही लूम दिमाखात उभे होते, नव्या बोल्टवर बसवलेले. प्रत्येकाला झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर उदबत्ती. भिंतीवर वडिलांचा फोटो आणि त्याला पाचवा हार. शेठ पाठमोरा होता. पावलं ऐकून त्याला वाटलं, शेजारच्या शेडमधलं कुणी आलं. तो खोबऱ्याचा तुकडा पुढे करत वळला, "घ्या, प्रसाद घ्या..."

हात तसाच राहिला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मी दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला. कपाळाला लावला. खाल्ला. म्हणालो, "अभिनंदन, शेठ! चोरीला गेलेला माल तुम्ही आमच्या आधीच शोधून काढलात."

थोडा वेळ ततपप झालं, मग तो सावरला. पक्का माणूस. "साहेब, गैरसमज होतोय. हा माझ्या मित्राचा कारखाना. पूजेला बोलावलं म्हणून आलो. हे लूम त्याचे आहेत."

"आणि हा फोटो? मित्राच्या कारखान्यात तुमचे वडील?"

"ते... मित्रही त्यांना फार मानायचा..."

नंबरच्या पट्ट्या चारही लूमवरून काढलेल्या होत्या. शेठला ते माहीत होतं, म्हणून आवाजात पुन्हा जोर येत होता. "सारखे दिसणारे लूम शेकडो असतात, साहेब. सिद्ध करा माझे आहेत म्हणून!"

मी शटरकडे तोंड करून हाक मारली, "उस्ताद!"

मी त्याला उस्ताद म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तो वाकून आत आला. शेठला बघितलं. मग त्याने केलं काय, तर आधी चपला काढल्या. पूजा झालेली जागा होती ना. अनवाणी पहिल्या लूमपाशी गेला, हाराला धक्का लागणार नाही असा अंग चोरून जमिनीवर उताणा झोपला आणि हात आत घातला.

"साहब, मी कातलेल्या प्रत्येक बुशाला आतून तीन खाचा असतात. तेल धरून ठेवायला. दोनने भागतं, पण माझ्या अब्बांनी तीन शिकवल्या. बाकी कुणी एवढी मेहनत घेत नाही."

पंचांसमोर त्याने पान्हा लावला. पितळी बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी बोट फिरवलं. एक, दोन, तीन. पंचांनीही बोट फिरवलं. दुसऱ्या लूमचा काढला, तिसऱ्याचा, चौथ्याचा. सगळीकडे तीन. नाना मागून मोठ्याने मोजत होते, जणू लिलाव चाललाय.

शेठ अजून काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात त्याची बायको, जी इतका वेळ पूजेचं ताट धरून उभी होती, ती म्हणाली, "अहो, पुरे करा आता. मामंजी बघतायत." आणि तिने ताट खाली ठेवलं.

शेठ लूमच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगितलं. ट्रेलर कुणाचा, शेड कुणाच्या नावावर भाड्याने, पट्ट्या कुणी काढल्या. मी विचारलं, "एवढा उपद्व्याप केलात, त्यापेक्षा कोर्टाला हप्ते बांधून मागितले असते तर? कोर्ट देतं की." तो म्हणाला, "एका मिस्त्रीपुढे वाकायचं?" एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

शेडमध्ये उस्ताद होताच. त्याने ते ऐकलं, बुश जागच्या जागी बसवले, नट आवळले आणि हात पुसले.

पुढचं झरझर झालं. चोरीच्या गुन्ह्यात आम्ही 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्यादच खोटी असल्याचा अहवाल. खोटी फिर्याद दिल्याबद्दल आणि जप्तीतून माल लपवल्याबद्दल शेठवर वेगळी कारवाई सुरू झाली. दरखास्तीच्या कोर्टाला आम्ही कळवलं, बेलीफ नरडाण्याला गेला आणि लूमवर जप्तीचा कागद लावून आला. लिलावाची तारीख पडणार म्हटल्यावर शेठ ताळ्यावर आला. दिवाळीला आठवडा असताना त्याने मूळ रक्कम, एवढ्या वर्षांचं व्याज, कोर्टाचा खर्च, सगळं एकरकमी भरलं. वर वकिलाची फी, ट्रेलर, शेडचं भाडं. आणि क्रेनवाल्याचं भाडंही, कारण तो साक्षीदार म्हणून रोज दारात उभा राहायला लागला! ज्या माणसाला सुरुवातीला फक्त मजुरी द्यायची होती, त्याने तिच्या कैक पट घालवले. बाजारात उधारीवर प्लास्टिक मिळणं बंद झालं ते निराळंच. खटल्यातही पुढे शिक्षा लागली.

आणि लेथ? ती भुसावळहून मेहरूणला आली ती त्याच क्रेनवाल्याच्या हायड्रावर. त्याने भाडं घेतलं नाही. नाना आणि मी गणवेशात रस्त्याच्या कडेला उभे राहून ती उतरताना बघत होतो, वरात बघावी तसे. उस्ताद लेथच्या अंगावरून हात फिरवत होता आणि मोठमोठ्याने रडत होता, कुणाची लाज न बाळगता. नाना म्हणाले, "साहेब, तुमनं डोळामा काय गयं?" मी म्हणालो, धूळ.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी शेठबद्दल फारसं सांगत नाही. कोर्टाचा हुकूमनामा खिशात घातला म्हणून तो मरत नाही, व्याजासकट परत दारात येतो, हे त्याला त्याच्या पद्धतीने कळलं. मला माझी चूक कळली. 'दिवाणी बाब आहे' हे वाक्य खरं असलं तरी ते म्हणून झाल्यावर समोरच्याला खुर्ची द्यायला कायद्याने बंदी नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलासमोरून कागद घेऊन आलेला कुणीही उभ्याउभ्या परत गेला नाही. दरखास्त म्हणजे काय, ती कुठे द्यायची, मोफत वकील कुठे मिळतो, हे मी स्वतः सांगायचो. तापट स्वभाव मात्र गेला नाही, सांगताना ओरडायचोच.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला उस्तादचं आमंत्रण आलं. त्याच्या दुकानात आता तीन कारागीर आहेत. त्यांनी लेथला हार घातला होता. उस्ताद स्वतः हात जोडत नाही, पण त्या दिवशी लेथ बंद ठेवतो, तिला तेल देतो आणि सगळ्यांना पेढे वाटतो. मला खुर्ची दिली, चहा मागवला. ग्लास ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे लोखंड. त्याने फळीवरून एक चकचकीत चौकोन काढला आणि माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. तोच लॅमिनेट हुकूमनामा, वर चहाच्या ग्लासांची गोल गोल वर्तुळं उमटलेली.

"अरे उस्ताद, हा कोर्टाचा कागद आहे!"

"वसूल झाला ना, साहब," तो हसत म्हणाला. "इतकी वर्षं मी त्याला सांभाळलं. आता बसू दे त्याला कामाला."

मी ग्लास उचलला आणि कोर्टाच्या शिक्क्यावर, बरोबर मधोमध ठेवला.